आजार बरा होतो, पाय मात्र जातात

पंच्याऐंशी-नव्वदीच्या आजींना न्यूमोनियासाठी दवाखान्यात दाखल केलं की घरातल्यांचं सगळं लक्ष छातीकडे लागतं. ताप उतरला का, ऑक्सिजन किती आहे, आजचा एक्स-रे कसा आला. आठ-दहा दिवसांनी डॉक्टर म्हणतात, "छाती स्वच्छ आहे, घरी न्या." घरी आल्यावर मात्र लक्षात येतं, की जाताना स्वतःच्या पायांनी रिक्षात बसलेल्या आजींना आता संडासापर्यंत न्यायलाही दोघं लागतात. "वय झालंय त्यांचं," असं म्हणून सगळे गप्प बसतात. माझा आक्षेप या वाक्यालाच आहे. दहा दिवसांपूर्वीही त्यांचं वय तेवढंच होतं.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की सत्तरी ओलांडलेल्या दाखल रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जण घरी जाताना रोजचं एखादं काम गमावून जातात. अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं यांपैकी जे आजारापूर्वी जमत होतं ते आता जमत नाही. वय जितकं जास्त तितकं हे प्रमाण वाढतं. याला नेहमी मूळ आजारच कारणीभूत असतो असं नाही. बऱ्याचदा पाय घेऊन जातात ते अंथरूण आणि अर्धपोट.

अंथरूण एकटं काय करतं ते २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्पष्ट दिसलं. सरासरी ६७ वर्षांच्या, धडधाकट स्वयंसेवकांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांना ना ताप होता, ना संसर्ग. जेवण वेळच्या वेळी आणि ठरलेल्या प्रमाणात मिळत होतं. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस उतरलं आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी घटली. आता त्यांच्या जागी ८८ वर्षांच्या आजी ठेवा. मुळात त्यांच्या पायांत मांस थोडं. वर संसर्ग, आणि दिवसभरात पोटात गेलेलं काय, तर चहा-बिस्किट आणि वाटीभर पेज.

वयामुळे स्नायू कमी होण्याला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९च्या सुमारास हा शब्द सुचवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण 'मांसाची टंचाई' असा होतो. आपल्या आज्या यालाच 'अंग उतरलं' किंवा 'पाय वाळले' म्हणत आल्या आहेत. संसर्ग झाला की शरीराला लढायला प्रथिनं लागतात, आणि ती जेवणातून आली नाहीत तर शरीर स्वतःच्याच स्नायूंतून काढून घेतं. तरुण माणूस आजारानंतर चार दिवस नीट जेवला की ही तूट लवकर भरून निघते. म्हाताऱ्या शरीराचं तसं होत नाही. जेवणातल्या तेवढ्याच प्रथिनांना त्याचे स्नायू कमी प्रतिसाद देतात, म्हणून त्याला तरुणापेक्षा जास्त प्रथिनं लागतात. आपल्याकडे रूढ समजूत नेमकी उलटी आहे: वय झालं, आता जेवण कमीच बरं.

यात घरच्यांना करता येण्यासारखं खूप आहे. आपल्याकडे रुग्णाच्या उशाशी बहुधा कुणीतरी घरचं माणूस असतं आणि डबाही बहुधा घरूनच येतो. हे आपलं मोठं बळ आहे. ते वापरायचं कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी करा. एक, वजन करून घ्या. पलंगावरून उठता येत नसेल तर घरी शेवटचं केलेलं वजन सांगा आणि कपडे सैल झालेत का, तेही सांगा. महिनाभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलोच्या वर गेलं असेल, तर ही धोक्याची खूण समजा. शिंप्याची टेप असेल तर पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या निकषांप्रमाणे हा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू कमी असल्याची शंका घ्यायची. पायावर सूज असेल तर हे माप फसवं ठरतं. दोन, आजी पंधरा दिवसांपूर्वी काय काय करत होत्या ते डॉक्टरांना नेमकं सांगा: "स्वतः अंघोळ करायच्या, देवपूजेला पाटावरून उठायच्या, खाली भाजीवाल्यापर्यंत जायच्या." हे सांगितलं नाही तर पलंगावर निपचित पडलेली बाई पाहून वॉर्डातल्यांचा समज होतो की ही आधीपासून अशीच आहे. मग तिला उठवण्याची घाई कुणालाच वाटत नाही.

आता डब्याकडे वळू. खरी गडबड तिथेच होते.

आजाऱ्याला हलकं द्यावं, हे बरोबरच आहे. पण मऊ आणि पातळ यांची आपण गल्लत करतो. मऊ पदार्थ चावायला सोपा असतो आणि पोटाला सत्त्व देतो. पातळ पदार्थाने पोट पाण्यानेच भरतं. डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप, साबुदाण्याची लापशी हे सगळं मायेनं आणलेलं असतं, पण त्यात प्रथिनं नावापुरतीच असतात. आजाऱ्याची भूक आधीच चार घासांची. त्यातली जागा पाण्याने भरली तर खऱ्या अन्नाला उरलं काय?

सलाइनबद्दलही एक गैरसमज आहे. "सलाइन चालू आहे ना, मग जेवल्या नाहीत तरी चालेल," असं आपण सर्रास ऐकतो. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे ८५ कॅलरी. साध्या सलाइनमध्ये तर मीठ आणि पाणीच असतं. प्रथिनं दोन्हींत शून्य. बाटली लटकते आहे म्हणून जेवण टळलं तर तो उपासच होतो.

किती प्रथिनं हवीत? निरोगी प्रौढासाठी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. आजारी वृद्धांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली १.२ ते १.५ ग्रॅम सुचवले. पन्नास किलोच्या आजींना हा हिशेब ६० ते ७५ ग्रॅमवर जातो. आता एरवीचा दवाखान्यातला दिवस मोजा. दोन वेळचा चहा, चार बिस्किटं, डाळीचं पाणी, अर्धी वाटी मऊ भात, नारळपाणी, रात्री दोन चमचे खिचडी. सगळं मिळून पंधरा ग्रॅमही होणं कठीण. उरलेली प्रथिनं शरीर मांड्यांतून काढतं.

साठ ग्रॅमचा आकडा ऐकून घाबरू नका. आपल्याच स्वयंपाकघरातून तो गाठता येतो, फक्त प्रत्येक घासात काहीतरी मिसळावं लागतं. सकाळी पेलाभर दुधात दोन मोठे चमचे दूधपावडर विरघळवली की दहा-अकरा ग्रॅम झाले. नऊच्या सुमारास एक अंडं, मऊ उकडलेलं किंवा दुधात फेटून शिजवलेलं, सहा ग्रॅम. अंडं चालत नसेल तर मुगाच्या डाळीचं लहान, मऊ धिरडं दह्यात कुस्करून द्या. दुपारी वरण घट्ट हवं, वाटीत चमचा उभा राहील असं. त्यासोबत मऊ भात, त्यात दोन-तीन चमचे कुस्करलेलं पनीर, शेजारी अर्धी वाटी दही. इथे सतरा-अठरा ग्रॅम सहज होतात. चारला नाचणीची खीर करा, पाण्यात नको, दुधात करा आणि पुन्हा चमचाभर दूधपावडर घाला. रात्री खिचडी करताना डाळ आणि तांदूळ समसमान घ्या, वर तूप आणि सोबत दही. मांसाहार चालत असेल तर काटे काढलेला मासा किंवा चिकनचा बारीक खिमा त्याच भातात मिसळा. पन्नास ग्रॅम शिजवलेल्या चिकनमधून बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. तुपाला नाही म्हणू नका. प्रथिनं स्नायूंच्या कामी यायची तर कॅलरीही पुऱ्या पडायला हव्यात. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत वृद्धांसाठी दिवसाला दर किलोमागे सुमारे ३० कॅलरी सांगितल्या आहेत.

ताट भरून पुढे ठेवू नका. भरलेलं ताट पाहूनच आजारी माणसाची भूक मरते. दर अडीच-तीन तासांनी लहान वाटी द्या. बहुतेक वृद्धांची भूक सकाळी बरी असते, तेव्हा सत्त्वाचे पदार्थ सकाळी पुढे करा. चहा आणि पाणी जेवणाआधी नको, नंतर द्या.

पथ्याविषयी मला थोडं आग्रहाने सांगायचं आहे. मधुमेह म्हणून गोड बंद, रक्तदाब म्हणून मीठ बंद, कोलेस्टेरॉल म्हणून अंडं आणि तूप बंद, पोटाला जड म्हणून डाळ बंद. नव्वदीच्या माणसाच्या ताटात मग राहतं काय? ज्या पथ्याचा फायदा वीस वर्षांनी दिसायचा, ते या वयात दोन आठवड्यांत माणूस वाळवतं. वृद्धांच्या पोषणाविषयीच्या तज्ज्ञ सूचना स्पष्ट सांगतात की खाणं घटवणारी पथ्यं शक्यतो टाळावीत. तुमच्या मनाने पथ्य मोडू नका, पण डॉक्टरांना सरळ विचारा: "यांतलं कुठलं पथ्य आत्ता सैल करता येईल?" साखरेचा आकडा थोडा वाढला तर इन्सुलिनने सांभाळता येतो. उतरलेलं मांस असं परत आणता येत नाही.

आजी खात नाहीत, याची कारणं पुष्कळदा अगदी साधी असतात. कवळी घरीच राहिलेली असते. चष्मा पिशवीत असतो, त्यामुळे ताटात काय आहे तेच दिसत नाही. सलाइनची सुई उजव्या हातात टोचलेली, आणि बाईंनी आयुष्यभर उजव्याच हाताने जेवलेलं. सुई बदलायची वेळ आली की सिस्टरना डाव्या हाताला लावायची विनंती करा. चार दिवस पोट साफ झालेलं नसतं. तोंड आलेलं असतं. मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाने तोंडाला धातूची चव येते, मेटफॉर्मिनने भूक मंदावते. यांपैकी एकेक कारण विचारून शोधावं लागतं. "खातच नाहीत हो" एवढं सांगून थांबू नका.

आणखी एक उपास दवाखाना स्वतःच घडवतो. सकाळी सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवतात, नंबर दुपारी तीनला लागतो, किंवा तपासणी उद्यावर जाते आणि उद्या पुन्हा उपाशी. तपासणी किंवा ऑपरेशन ठरलं की लगेच विचारा: नेमकं किती वाजता, शेवटचं जेवण केव्हा, पाणी कधीपर्यंत चालेल? भुलीच्या आजच्या नियमांप्रमाणे बहुतेक रुग्णांना घन आहार सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. रात्री दहापासून कोरडं ठेवण्याची गरज दरवेळी नसते. तपासणी रद्द झाली तर त्याच क्षणी जेवायला देण्याची परवानगी मागा.

आता सावधगिरीचं. पाणी पिताना ठसका लागत असेल, घास गिळल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, किंवा नुकताच पक्षाघात झाला असेल, तर गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका. अन्न श्वासनलिकेत गेलं की पुन्हा न्यूमोनिया. भरवताना पाठ सरळ हवी, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल आणि डायलिसिस चालू नसेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. डायलिसिसवरच्या रुग्णाला मात्र प्रथिनं जास्तच लागतात. आणि पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल तर एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येऊन हृदयाला धोका होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर रक्त तपासत, हळूहळू आहार वाढवतात.

एवढं सगळं खाऊ घातलं, पण आजी पलंगावरच राहिल्या, तर पुष्कळसं फुकट जातं. बोस्टनमधल्या वृद्धनिवासातल्या शंभर जणांवर झालेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. ज्यांनी वजनांचा व्यायाम केला त्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. ज्यांना नुसतं पौष्टिक पेय दिलं, त्यांची वाढली नाही. त्याच संशोधकांनी त्याआधी १९९०मध्ये नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे व्यायाम देऊन दाखवलं होतं, की या वयातही स्नायू बळकट होतात.

हे तर वृद्धनिवासातलं झालं. दवाखान्यातल्या आजारी माणसांचं काय, याचं उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरातून आलं. तिथल्या सरकारी रुग्णालयात तीव्र आजारासाठी दाखल झालेल्या ३७० वृद्धांवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याच उपचारांबरोबर रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं व्यायाम दिला: सकाळी प्रशिक्षकासोबत पायांची ताकद, तोल आणि चालणं, संध्याकाळी घोट्याला अर्धा ते एक किलोचं वजन बांधून पाय हलवणं आणि व्हरांड्यात फेऱ्या. हे चाललं जेमतेम पाच-सहा दिवस. रोजची कामं किती जमतात हे मोजणाऱ्या शंभर गुणांच्या पट्टीवर नेहमीच्या उपचारातले रुग्ण सरासरी पाच गुण गमावून घरी गेले, व्यायाम केलेले जवळजवळ दोन गुण मिळवून गेले. आजार तोच, वय तेच, दवाखानाही तोच होता.

आपल्या वॉर्डात प्रशिक्षक नसेल तरी सुरुवात तुम्हाला करता येते, मात्र आधी डॉक्टरांना विचारा: "आज यांना उठवू का?" न बसवलेलं हाड, ढासळलेला रक्तदाब, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा खूप दम लागत असेल तर थांबावं लागतं. एरवी बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या दिवशी उठवता येतं. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्यांनासुद्धा दुसऱ्या दिवशी उभं करावं, अशी आजची शिफारस आहे.

सुरुवात पलंगावरच करा: पावलं वर-खाली, गुडघा सरळ करून मोजून पाच आकडे धरून ठेवणं. मग पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवा. चक्कर येत नसेल तरच उभं करा. पायांत न घसरणाऱ्या चपला हव्यात, नुसते मोजे नकोत. पहिल्यांदा उठवताना एकट्याने करू नका, सिस्टर किंवा वॉर्डातल्या मामा-मावशींना हाक मारा. त्यानंतर एक नियम ठरवून टाका: प्रत्येक जेवण खुर्चीत. खुर्चीत बसलं की गिळणं सुधारतं, छाती मोकळी होते, आणि दिवसातून तीन वेळा उठ-बस आपोआप होते. जमू लागलं की जेवणाआधी खुर्चीतून पाच वेळा उठवा आणि बसवा. मांड्यांसाठी याहून चांगला आणि बिनखर्चाचा व्यायाम मला माहीत नाही.

डायपर आणि लघवीची नळी यांच्याबद्दल रोज विचारा: "आजही लागणारच आहे का?" सोय म्हणून लावलेली नळी माणसाला पलंगाशी बांधून ठेवते. दोघांच्या आधाराने संडासापर्यंत जाणं त्रासाचं आहे, वेळही जातो, हे खरं. पण दिवसातून चार वेळा तेवढं चालणं म्हणजेच त्या माणसाचा व्यायाम असतो. पडतील म्हणून झोपवून ठेवलेली माणसं घरी गेल्यावर जास्त पडतात, कारण पायांत काही उरलेलं नसतं.

बाजारातल्या पावडरींबद्दल थोडक्यात. डब्यामागचं लेबल वाचा. एका वेळच्या मापात दोन-तीन ग्रॅमच प्रथिनं आणि बाकी साखर असेल तर त्यापेक्षा दूधपावडर बरी. खाणं खरोखरच पुरत नसेल तर आहारतज्ज्ञांकडून पूरक आहार लिहून घ्या. तो दिवसाला किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं देणारा असावा, आणि घरी आल्यावरही निदान महिनाभर चालू ठेवावा. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे आहार आखून दिलेल्या गटात महिनाभरातले मृत्यू ७.२ टक्के होते, दवाखान्याचं नेहमीचं जेवण मिळालेल्या गटात ९.९ टक्के. एवढा फरक अन्नाने पडतो. म्हणून आहारतज्ज्ञांना बोलवा, असं सांगायला संकोचू नका.

एक वेळ अशीही येते, की माणूस खरोखरच शेवटच्या प्रवासाला लागलेला असतो. तिथे हे ग्रॅम आणि कॅलरी बाजूला ठेवायच्या. मागतील तेवढं, आवडीचं, चमचाभर. ओठ ओले करावेत, जबरदस्ती करू नये. ती वेळ आली आहे की नाही, हे मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवा. नुसतं वय पाहून ठरवू नका.

तुमच्या घरचं कुणी आज दवाखान्यात असेल, तर संध्याकाळी डबा घेऊन जाल तेव्हा पलंगाशेजारी खुर्ची आहे का, ते आधी बघा. नसेल तर सिस्टरकडे मागा, आणि मगच डबा उघडा.